मी न सांगितलेलं चौथं पद

हे लिहायचं मी चाळीस वर्षं टाळलं. आधी म्हटलं, नोकरी पक्की होऊ दे. मग म्हटलं, मुलीचं लग्न होऊ दे. मग निवृत्त झाल्यावर सांगू असं ठरवलं, आणि निवृत्त झाल्यावर लोक इतका मान देऊ लागले की तो सोडायचा धीर झाला नाही. आता मला अठ्ठ्याहत्तर पूर्ण आहेत. ज्याला सांगायचं होतं तो राहिला नाही. त्यामुळे आता सांगण्यात शौर्य काहीच नाही, हे वाचणाऱ्यानं आधीच समजून घ्यावं.

निमित्त असं झालं की बेळगावातल्या आमच्या मराठी मंडळीच्या तरुण संघानं माझ्या धड्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं. मंडळी म्हणजे आमचं चर्च, आमची माणसं. इथपासून मिरजेपर्यंतच्या मराठी ख्रिस्ती लोकांत मला ओळखतात ते या धड्यांमुळेच. उपकारस्तुतीचा, म्हणजे सुगीचा सण असो नाहीतर उन्हाळी शिबिर, मी पेटी घेऊन बसायचो, एका जुन्या संगीत नाटकातली तीन पदं म्हणायचो, आणि प्रत्येक पदातून येशूची शिकवण उलगडून दाखवायचो. म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे पुसायच्या. एका पाळकांनी, म्हणजे पाद्रीसाहेबांनी, तर जाहीरपणे म्हटलं होतं की मास्तरांनी नाटकाचासुद्धा बाप्तिस्मा केला. पुस्तिकेवर माझा फोटो टाकणार होते. मी नको म्हटलं, तर पोरांना तो माझा विनय वाटला.

विनय कसला. ते धडे माझे नाहीत. आणि त्या नाटकातली सांगण्यासारखी पदं तीन नाहीत, चार आहेत.

धडे ज्याचे, त्याला मी आण्णा म्हणायचो. नात्यानं कुणी नव्हता. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आमच्याच मंडळीतला. निपाणीत एका तंबाखूच्या गोदामात कारकून होता. बायको, लहान मुलगी आणि आई बेळगावात, म्हणून दर शनिवारी तो घरी यायचा. मी तेव्हा निपाणीजवळच्या एका मिशन शाळेत मास्तर होतो. दुपारची बस दोघांची एकच. तो शेजारी येऊन बसला की कपड्यांतून तंबाखूचा असा वास यायचा की पुढच्या बाकावरची माणसं शिंकायची. इतकी वर्षं ती धूळ नाकातोंडात जाऊनही त्याचा गळा कसा राहिला होता, देव जाणे. वरच्या षड्जावर तो सहज जायचा आणि तिथं थांबायचा, जसं कुणी स्वतःच्या ओट्यावर टेकतं.

त्याला नाटकात नेलं मीच. टिळकवाडीत वकील, बँकेतले लोक, शिक्षक अशा हौशी मंडळींचा एक नाट्यसंघ होता. मी त्यांच्याकडं ऑर्गन वाजवायचो. चर्चमध्ये रविवारी जो ऑर्गन मी वाजवायचो तसाच पायानं भाता मारायचा, फक्त तिथं गीतं आणि इथं पदं. त्यांना नायकाच्या भूमिकेला गाणारा हवा होता. मी म्हटलं, आहे एक जण माझ्याकडं. 'माझ्याकडं' असंच म्हणालो होतो.

नाटकाची गोष्ट साधी. एका राजाचा मुलगा लहानपणी हरवतो. मोठा झाल्यावर त्याला आपण कोण ते कळतं, आणि तो बापाच्याच राजवाड्यावर माळी म्हणून कामाला लागतो. बाप ओळखेल म्हणून वाट बघतो, स्वतः बोलत नाही. पहिल्या अंकात त्याला बागेच्या आत येऊ देत नाहीत, तेव्हाचं पद, 'बाग ज्याची तोच उभा कुंपणापाशी'. दुसऱ्या अंकात राणीची दासी पाय धुऊन उरलेलं पाणी वाळक्या रोपाला घालते, तिचं एक पद. तिसऱ्या अंकात राजा माळ्यावर खूश होऊन विचारतो, काय मागतोस? तो सोनं मागत नाही, 'पंगतीत एक पान मांडा' एवढंच मागतो. आणि चौथं पद प्रधानाचं. प्रधानानं खांद्यावरच्या खुणेवरून राजपुत्राला केव्हाच ओळखलेलं असतं. पण गादीवर स्वतःचा मुलगा बसावा म्हणून तो गप्प राहतो. एकटा असताना गातो, 'ओळखिले मी, परि न वदलो'.

आण्णा मॅट्रिक झालेला. चर्चमध्ये उभं राहून दोन वाक्यं बोलायची म्हटली की त्याला घाम फुटायचा. पण बसमध्ये खिडकीशी बसला की सुटायचा. तालीम सुरू होऊन महिना झाला असेल. संकेश्वर मागं पडलं होतं.

"मास्तर, त्या माळ्याचं एक बघितलंस का?"

"काय?"

"बाग त्याच्या बापाची. दार बंद. आपण असतो तर दारावर लाथ घातली असती का न्हाय?"

"घातली असती."

"ह्यो गडी कुंपणातनं हात घालून झाडास्नी पाणी घालतोय. मला आत घेत न्हाय, मग वाळूद्यात झाडं, असं म्हणत न्हाय. आता सांग, कोण आठवतंय?"

पुढच्या बाकावरची एक बाई मागं वळून म्हणाली, "कोण वो?"

"आमच्यातला एक सुतार हाय, आक्का."

"चांगला हाय?"

"लई. पण घरच्यांनीच ओळखलं न्हाय त्याला."

"तसंच असतंय," बाई म्हणाली आणि परत शिंकली.

अशा रीतीनं ते धडे झाले. दासीच्या पदावर तो म्हणायचा, "पाणी शिळं का ताजं, पायाचं का देवघरातलं, रोपाला काय त्याचं? त्याला मरायचं नव्हतं, बास. कृपा अशीच घ्यायची असती. इचारत बसायची न्हाय." पंगतीच्या पदावर तर एकदा यमकनमर्डी आली तरी त्याचं संपलं नव्हतं. स्वर्ग म्हणजे महाल नव्हे, पंगत. बापाशेजारी बसायला मिळालं की पानात काय वाढलंय ते कोण बघतो? मी हसून म्हटलं होतं, आण्णा, तुला पाळकच करायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "मग गोदामातली पोती कोण मोजणार?"

प्रधानाच्या पदावर मात्र तो जास्त बोलला नव्हता. एकदाच म्हणाला, "ह्या माणसाची मला कीव येती. दुष्टाला झोप लागती, ह्याला लागत नसंल."

प्रयोग झाला. पडदा वर जायच्या आधी संघाच्या रिवाजाप्रमाणं नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला. आण्णा बाजूला उभा राहिला, कुणी काही म्हटलं नाही. मग पडदा उघडला आणि नांदी झाली. नांदी म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं देवाचं स्तवन. सगळी पात्रं रंगमंचावर ओळीनं उभी राहून हात जोडून ती गातात. आण्णाही ओळीत उभा राहिला, तिसरा. ऑर्गन रंगमंचाच्या खाली, प्रेक्षकांच्या पुढ्यात होता. नांदीचा सूर मी दिला. काळी चार. आजही तो स्वर दाबला की बोटाला तो दिवस लागतो.

प्रयोग इतका रंगला की फोटोग्राफरनं नांदीचा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. आमच्या मंडळीच्या कमिटीतल्या एकानं तो बघितला आणि विकत घेऊन चेअरमनसाहेबांकडं दिला.

इथं बाहेरच्या वाचकाला थोडं सांगितलं पाहिजे. आमच्यातल्या कुणी दुसऱ्या देवाचं स्तवन गायलं, तर त्या काळी त्याला 'शिस्त' लावायचे. मारणं-दंड काही नाही. माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांना देतात, त्याला द्यायचा नाही. सहा महिन्यांनी त्यानं सगळ्या मंडळीपुढं उभं राहून चूक कबूल करायची, मग परत घ्यायचं. वाचताना क्षुल्लक वाटेल. ज्याच्या घरात तीन पिढ्या त्या भाकरीवर वाढल्या त्याला विचारावं.

उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत कमिटी बसली. पाच जण. आण्णाला आणि मला बोलावलं. त्याला आरोपी म्हणून, मला साक्षीदार म्हणून, कारण त्याला संघात मी नेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेअरमनसाहेबच आमच्या शाळेचे मॅनेजर. माझी नोकरी अजून कच्ची होती, जूनमध्ये पक्की व्हायची होती. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला.

"हे हात कुणाचे?"

"माझे, साहेब," आण्णा म्हणाला.

"कुणापुढं जोडलेत?"

"म्होरं तर लोक बसल्यालं. मी त्यांच्याकडंच बघत होतो. पाया पडलो न्हाय मी. पण धा माणसं गातात तिथं एकट्यानंच तोंड मिटून उभं राहायचं म्हंजे त्यांचा अपमान न्हवं का? त्यांनी मला घरच्यासारखं घेतलंय."

"तुम्ही तोंड मिटून उभे होतात की गात होतात?"

"गात होतो."

साहेबांनी फोटो माझ्याकडं फिरवला. खालच्या कडेला ऑर्गनचा कोपरा आला होता आणि एक हात, रेघांच्या शर्टाची बाही, बाकी माणूस कापला गेलेला.

"ही बाही कुणाची, मास्तर?"

मी फोटोकडं बघितलं. तो शर्ट माझ्या बायकोनं त्या प्रयोगासाठीच शिवून घेतला होता.

"त्यांच्या संघाचा वाजवणारा आहे एक," मी म्हणालो. "नांदी तो वाजवतो. मी पहिल्या अंकापासून बसलो."

"नांदीच्या वेळी तुम्ही तिथं नव्हता?"

"बाहेर होतो. ते मला पटत नाही म्हणून मुद्दाम बाहेर थांबलो."

हे शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. खोटं बोलायला लागलं की माणूस उदार होतो. साहेबांनी मान डोलावली, कौतुकानं. मग आण्णाला विचारलं, "ऑर्गनवर कोण होतं?"

आण्णानं माझ्याकडं एकदाच बघितलं. रागानं असतं तर बरं झालं असतं. नवीन गावात उतरल्यावर माणूस पाटी वाचतो, तसं बघितलं.

"मी लोकांकडं बघत होतो, साहेब. ऑर्गनकडं न्हाय."

ठराव झाला. साक्षीदार म्हणून मी सही केली.

बाहेर पडल्यावर मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरेल. फाटकाशी तो चपला झाडत उभा होता. म्हणाला, "शर्ट झकास हाय, मास्तर. फोटोत बाहीच तेवढी आली." आणि सायकलवर बसून गेला.

नोकरीसाठी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मी वीस वर्षं ऑर्गन वाजवत होतो. कुणी कधी टाळी दिली नव्हती. त्या प्रयोगात पहिल्या पदाला तीन वेळा वन्समोअर पडला, आणि तीनही वेळा लोक त्याच्याकडं बघत होते, माझ्या टकलाच्या वरून. त्या खोलीत फोटो माझ्यापुढं सरकला तेव्हा भीतीच्या खाली काहीतरी वेगळंही हललं होतं. ते मला तेव्हाही कळलं होतं.

सहा महिन्यांनी कमिटीनं त्याला सांगितलं, मंडळीपुढं उभं राहून कबूल करा. तो म्हणाला, "मी काय चुकलो ते मला अजून कळलं न्हाय. देवाच्या घरात उभं राहून खोटं कसं सांगू?" झालं. शिस्त उठली नाही, तशीच राहिली, आणि कालांतरानं ती लावली होती हेही लोक विसरले. तो विसरला नाही. पुढची दोन वर्षं येत होता, शेवटच्या बाकावर बसायचा. पहिल्या रविवारी भाकर वाटायची वेळ आली की उठून बाहेर जायचा. बाहेर नळाशी एक पत्र्याचा डबा असे. तो डब्यानं आवारातल्या क्रोटनच्या आणि जास्वंदीच्या झाडांना पाणी घालायचा. माझा ऑर्गन खिडकीपाशी. आत मी भोजनाचं गीत वाजवतोय आणि बाहेर तो एकेका झाडाशी वाकतोय. तो मला दाखवायला ते करत नव्हता, एवढं मी त्याला ओळखत होतो. हात रिकामा कसा ठेवायचा म्हणून करत होता. मी खिडकी लावून घेतली एकदा, धूळ येते म्हणून.

मग त्यानं बिऱ्हाडच निपाणीला नेलं.

तो गेल्यावर वर्षभरात उपकारस्तुतीच्या सणाला बोलावलेले प्रवचनकार आले नाहीत. लोक भाज्या, धान्य, कोंबड्या घेऊन बसलेले. पाळकांनी मला म्हटलं, मास्तर, काहीतरी वेळ मारून न्या. मी पेटी ओढली आणि माळ्याचं पद म्हटलं. कुंपणातून हात घालून पाणी घालणारा तो माळी मी सांगितला, आण्णाच्याच शब्दांत, फक्त 'न्हाय'चं 'नाही' करून. संपल्यावर एका बाईंनी विचारलं, "मास्तर, हे सुचलं कसं हो तुम्हाला?"

मी म्हणालो, "प्रभूनं सुचवलं."

चोरी केली आणि देवाच्या खिशात ठेवली. मग तीस वर्षं तेच. तीन पदं, तीन धडे. गदगला, मिरजेला, कोल्हापूरला. ज्या नाटकासाठी त्याला पंगतीतून उठवलं गेलं तेच नाटक मी चर्चमध्ये गायचो आणि मला हार पडायचे. काळ बदलला होता म्हणे. कोणी जाणकार कधी विचारी, नाटकात प्रधानाचंही एक पद आहे ना, ते का घेत नाही? मी म्हणायचो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तीन वर्षांपूर्वी वहिनींचा फोन आला, आण्णाच्या बायकोचा. तेव्हा ती दोघं बोरगावला मुलीकडं असत. एवढंच म्हणाल्या, "दमा लई वाढलाय. आठवण काढतात तुमची. यायचं तर या."

मी कुंद्याचा डबा घेतला आणि निघालो. निपाणीपर्यंतच्या बसमध्ये एक वाक्य पाठ करत होतो. शाळेत पोरं कविता पाठ करतात तसं, ओठ हलवून. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, अज्जा, तब्येत बरी आहे ना? निपाणीहून रिक्षानं बोरगाव.

वहिनी दारात होत्या. "आलात? वाट सापडली म्हणायची."

"सापडली, वहिनी."

"नव्वद किलोमीटरला चाळीस वर्षं. बैलगाडीनं आला असता तरी लवकर पोचला असता." डबा हातातून घेतला. "ह्यांना गोड चालत न्हाय. पण ऱ्हाऊ दे, पोरं खातील."

आण्णा कॉटवर उशांना टेकून बसला होता. छाती भात्यासारखी हलत होती. इतका बारीक झालेला की ओळखलं ते डोळ्यांवरून. मला बघून हसला, मग खोकला, मग परत हसला.

"मास्तर, तुझं टक्कल लई चकाकतंय रं."

"तुझी दाढी तरी कुठं काळी राहिली?"

"बस. तुला मोबाईलवर बघितलं मी. पोरीनं दाखवलं. मिरजेचं कायतरी होतं." थांबून श्वास घेतला. "माळी सांगत होतास."

मी कॉटच्या कडेला टेकलो. तो म्हणाला, "बरं सांगतोस. माझंच मला ऐकून रडू आलं बघ." वहिनी तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, शेंग मात्र जोरात फुटली.

"आण्णा..." मी म्हटलं.

"चौथं का सोडलंस?"

"काय?"

"तीनच पदं सांगतोस. प्रधानाचं सोडलंस. खरा धडा तर त्यातच हाय की. मला तवा बसमध्ये नीट कळलं न्हवतं, आता पडून पडून कळलं." परत श्वास. "त्याला वाटतंय, बोललो तर सगळं जाईल. तसं नसतंय. राजपुत्र तर कवाच वाट बघत असतोय, ह्यो कधी बोलतोय म्हणून. रागवायला न्हाय रं. त्याला बी पंगतीत बसवायला."

कोपऱ्यात जुनी पेटी होती. त्यानं बोटानं दाखवली. मी ती ओढली आणि प्रधानाचं पद वाजवलं. त्याला गाता येत नव्हतं, तो नुसता ओठ हलवत होता. त्यानं माझ्यासाठी दार सताड उघडून ठेवलं होतं. आता फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी ध्रुवपद वाजवलं, अंतरा वाजवला, परत ध्रुवपदावर आलो, आणि भाता बंद केला.

"पेटीचा एक सूर उतरलाय," मी म्हणालो.

बसमध्ये पाठ केलेल्या वाक्याऐवजी हे तोंडातून आलं.

त्यानं पेटी परत कोपऱ्यात सारायची खूण केली. मग म्हणाला, "एक काम करशील? पाळकसाहेबांना एकदा पाठव. भाकर घ्यायची हाय. चाळिशीत सुटली ती, आता जायच्या आधी एकदा मिळू दे."

"पाठवतो. येत्या रविवारी बोलतो त्यांच्याशी."

"नक्की?"

"नक्की."

"बसचा टाइम झाला तुमच्या," वहिनी म्हणाल्या. झाला नव्हता. मी उठलो.

येत्या रविवारी मी बोललो नाही. मला वाटलं, पाळक विचारतील, एवढी वर्षं यांना प्रभुभोजन का नाही? मग जुना ठराव काढावा लागेल. ठरावाचं पुस्तक मंडळीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडंच, सर्वांत जुना वडील, म्हणजे मंडळीचा पंच, म्हणून. एका दुपारी एकट्यानं जाऊन मी ते काढलं. कागद पिवळा पडला होता. त्यात लिहिलं होतं की नांदीच्या वेळचा ऑर्गनवादक मंडळीबाहेरचा होता, असं साक्षीदारानं सांगितलं. खाली माझी सही, तेव्हाची, वळणदार. पान फाडावं असा विचार आला, हेही लिहून ठेवतो. फाडलं नाही. पुस्तक ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांना घाई होती. तिसऱ्या रविवारी मलाच ताप होता. चौथा रविवार सणाचा होता, त्या दिवशी लोकांनी आग्रह केला म्हणून मी पंगतीचं पद म्हटलं. हो, म्हटलं. वहिनींचे दोन फोन येऊन गेले. मी म्हणालो, पाळक बाहेरगावी आहेत. असे सात रविवार गेले. मग गुरुवारी सकाळी आण्णाच्या मुलीचा फोन आला.

त्याच दुपारी मी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की बोरगावचे एक आजारी गृहस्थ भाकर मागत होते, आणि जुनी शिस्त लागलेली होती म्हणून मी विचारायला कचरलो. ते तिशीतले आहेत. त्यांना काही कळेना.

"कसली शिस्त, मास्तर?"

मी सांगितलं. नाटकात नांदी म्हटली होती.

ते म्हणाले, "तुम्ही मला फोन करायचा. मी त्याच दिवशी मोटरसायकल काढली असती. आता असले ठराव कोण बघतो?"

कुणीच बघत नव्हतं. ते कुलूप फक्त माझ्यासाठी होतं.

निपाणीच्या कब्रस्तानात माती दिली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, फार चांगली केली. माती टाकायला माझा नंबर आला तेव्हा वहिनी माझ्याशेजारी उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "रोज इचारायचे. आज रविवार हाय का गं, पाळक यायचे हाईत." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "शेवटच्या दिवशी मी चहात बुडवून पाव दिला. म्हटलं, हीच भाकर समजा. घेतला त्यांनी. हात जोडून घेतला."

त्या हातांकडं तरी कुणी बोट दाखवलं नाही.

पुस्तिका मी थांबवली आहे. काढायचीच असेल तर वर निपाणीच्या एका कारकुनाचे धडे असं लिहा, आणि आत हे सगळं छापा, असं पोरांना सांगितलं. ती विचारात पडली आहेत. कमिटीला ठराव रद्द करायचं पत्र दिलं, तेव्हा एक जण म्हणाला, माणूसच गेला, आता काय उपयोग? बरोबर आहे त्याचं. तरी पत्र दिलं.

बोरगावच्या वाटेवर जे वाक्य मी पाठ केलं होतं, ते अजून पाठ आहे. संकेश्वर गेल्यापासून निपाणीपर्यंत पन्नास वेळा म्हटलं असेल. ते असं होतं:

आण्णा, नांदीचा सूर मी दिला होता. ती बाही माझी होती. पंगतीतलं तुझं पान मी उचललं. मला क्षमा कर.